कामाचा लॅपटॉप: जे नंतर बदलता येत नाही, तिथं पैसे घाला

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ थांबलं, तर हा संवाद कानावर पडतोच. "टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं काम आहे. कुठला घेऊ?" "आय-सेव्हन हाय साहेब, वर ग्राफिक कार्डबी हाय. डोळं झाकून न्या की!" मग सव्वादोन किलोचं धूड घरी येतं. कीबोर्डखाली रंगीत दिवे लुकलुकतात, चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरी जेवणाच्या सुट्टीआधीच मान टाकते. हिशेबाची टॅली मात्र साध्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर चालली असती तशीच चालते, कारण ग्राफिक कार्डाचा तिला काडीचाही उपयोग नाही.

गेमिंग लॅपटॉप वाईट असतो असं नाही. त्यातला पैसा ग्राफिक चिपवर, तिला लागणाऱ्या विजेवर आणि ती थंड ठेवणाऱ्या पंख्यांवर खर्च झालेला असतो. तेवढ्याच किमतीत हे सगळं बसवायचं म्हटलं की कुठंतरी कात्री लागते. ती लागते स्क्रीनच्या रंगांना, कॅमेऱ्याला, बॅटरीला आणि तुमच्या खांद्याला.

कामाचा लॅपटॉप निवडताना एक विभागणी डोक्यात पक्की ठेवावी. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी वेगवान डिस्क, नंतर मोठी घालता येते. बॅटरी तीन-चार वर्षांनी नवी बसते. माउस, हेडफोन, जादा यूएसबी हे तर किरकोळच. पण प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्डची मांडणी, वजन आणि बोर्डावरच डाग देऊन बसवलेली रॅम (चालू कामाची मेमरी), हे पहिल्या दिवशी जसं आलं तसंच शेवटपर्यंत राहतं. पैसे या दुसऱ्या यादीत घालावेत.

आधी जुन्या मशीनची नाडी बघा

नवा घ्यायचं ठरवण्याआधी जुन्याला नेमकं काय झालंय ते बघायला एक दिवस द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स हा भाग उघडा ठेवून नेहमीचं काम करा. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क १०० टक्के दिसतेय आणि प्रोसेसर मात्र निवांत आहे, तर आत बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क आहे आणि तीच सगळ्यांना अडवून बसली आहे. प्रोसेसरच तासन् तास शंभरीला टेकलेला असेल, तेव्हाच नव्या प्रोसेसरची गोष्ट काढायची.

इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लॅपटॉप असेल आणि दुखणं हार्ड डिस्कचं निघालं, तर एसएसडी आणि ८ जीबी जादा रॅम घालून तो आणखी दोन-तीन वर्षं आरामात काढतो. त्याच्याआधीची पिढी असेल तर मात्र खर्च करू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या जवळपास कुठल्याच प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. 'रिफर्बिश्ड' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या चकचकीत मशीनमध्ये हेच जुने प्रोसेसर लपलेले असतात.

आणि महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं पोर्टल गोलगोल फिरत बसलं, तर त्याला कुठलाच लॅपटॉप औषध नाही.

प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

'आय-सेव्हन' एवढंच सांगणं म्हणजे 'बुलेट आहे' एवढंच सांगून गाडी विकण्यासारखं. कुठल्या सालची, ते कोण सांगणार? इंटेलच्या आय५-१२३५यू या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर विजेची भूक सांगतं. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, कमी तापणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा, जोरकस, पण पंखा फिरवत ठेवणारा. आठव्या पिढीच्या आय७-८५५०यू मध्ये ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, तर बाराव्या पिढीच्या आय५-१२३५यू मध्ये १०. त्यातले दोनच दणकट आणि आठ हलक्या कामाचे, तरीही नवा 'फाइव्ह' जुन्या 'सेव्हन'च्या पुढेच राहतो.

एएमडीच्या नावात गंमत आहे, आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथंच. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात. ७००० च्या मालिकेत पहिला आकडा बाजारात आल्याचं वर्ष दाखवतो, पण आतली रचना किती नवी हे तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मध्ये झेन २ ही जुनी रचना आणि ४ कोअर आहेत. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ६ कोअर. शिवाय ७५२०यू बरोबरची रॅम बोर्डावरच पक्की असते. किमतीत फरक थोडाच दिसतो, पण चार वर्षांनी तो रोज जाणवतो.

इंटेलनं २०२३ च्या अखेरीस नावातला 'आय' काढून टाकला आणि 'कोअर अल्ट्रा' आणलं. यातल्या २०० व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, १६ किंवा ३२ जीबी. घेताना जे घ्याल तेच कायम. बॅटरी मात्र फार छान चालते, त्यामुळे फिरतीच्या माणसाला ती चांगली. स्टिकरवर नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहिलंय आणि पुढं एन१०० वगैरे आहे, तर ते मशीन टायपिंग, मेल आणि मुलांच्या अभ्यासापुरतं. टॅली, दोन मोठ्या एक्सेल फायली आणि वीस टॅब उघडणाऱ्या माणसानं तिकडं फिरकू नये.

हिशेब, पत्रव्यवहार, पोर्टल आणि व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल, तर अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांतला यू अक्षराचा इंटेलचा 'फाइव्ह' (आय५ किंवा अल्ट्रा ५) किंवा रायझन फाइव्ह भरपूर झाला. वाचलेले पैसे रॅमकडं वळवा.

रॅम आणि डिस्क

१६ जीबी. याच्याखाली नव्या मशीनचा विचार नको. विंडोज ११ स्वतःच तीन-चार जीबी गिळून बसतं, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनचा कारभारही याच रॅममधून चालतो. त्यात क्रोम आलं की ८ जीबीत पाय आखडूनच झोपावं लागतं.

दुकानात विचारायचा नेमका प्रश्न असा: "रॅम ऑनबोर्ड किती, आणि स्लॉट किती रिकामे?" काही मॉडेलांत ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असतो, त्यात नंतर ८ ची पट्टी बसते. काहींत स्लॉटच नसतो. उत्तर गुळमुळीत आलं तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारा, 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ दिसेल. तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका मात्र. बोर्डावरची रॅमही कधीकधी तिथं स्लॉट म्हणून मोजली जाते, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे 'आत्ता ८ घेऊ, नंतर बघू' हा हिशेब पूर्वीसारखा स्वस्तात सुटत नाही.

डिस्क ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची, एसएसडी असावी. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते. यात कोणी काही चोरलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. टॅलीतली कंपनीची फाइल मोठी झाली की व्हाउचर उघडताना जो क्षणभर अडखळा येतो, तो बहुतेकदा डिस्कमुळे असतो. हार्ड डिस्कवरचा डेटा एसएसडीवर आणला की तो जातो. ईएमएमसी (स्वस्त, हळू चालणारी साठवण) लिहिलेलं काहीही असेल तर ते कामासाठी बाद समजा.

स्क्रीन: इथंच सगळ्यांत जास्त फसगत होते

जाहिरातीत 'फुल एचडी, १४४ हर्ट्झ' ठळक असतं. खाली बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असतं, ते कोणी वाचत नाही. याचा अर्थ, इंटरनेटवरचे फोटो ज्या एसआरजीबी रंगांच्या मापानं बनतात, त्यांतले साठ-पासष्ट टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते.

आकडेमोड करणाऱ्याला याचं फारसं सोयरसुतक नाही. पण कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्याचं उदाहरण घ्या. तेल पाजलेल्या कातड्याचा तांबूस तपकिरी रंग अशा स्क्रीनवर मळकट, मातकट दिसतो. फोटो सुधारणारा माणूस तो खुलवायला लालसरपणा वाढवतो. त्याच्यापुढं आता चप्पल छान दिसतेय. गिऱ्हाईक तोच फोटो मोबाइलच्या चांगल्या स्क्रीनवर बघतं, तेव्हा चप्पल जवळजवळ नारिंगी दिसते. माल घरी पोचतो, रंग जुळत नाही, माल परत येतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, गुळाच्या पेटीवरची लेबलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांचंही तेच. यांच्यासाठी '१०० टक्के एसआरजीबी' ही अट सोडायची नाही, मग प्रोसेसर एक पायरी खाली आला तरी चालेल.

बाकीच्यांनी आयपीएस पॅनेल (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं) आणि किमान ३०० निट्स उजेड बघावा. महाद्वार रोडवरच्यासारखं समोरून उघडं दुकान असेल, तर २५० निट्सच्या स्क्रीनवर दुपारी स्वतःचाच चेहरा दिसतो. काच चकचकीत नसावी, मॅट असावी.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० ची स्क्रीन घेतली की उंचीत १२० ठिपके जास्त मिळतात. एक्सेलची एक ओळ शंभर टक्के आकाराला २० ठिपक्यांची असते, म्हणजे सहा ओळी जास्त. अक्षरं मोठी ठेवली तरी चार ओळी. दिवसभर हिशेबाची खाती (लेजर) बघणाऱ्याचं वर-खाली सरकवणं तेवढं कमी होतं.

कीबोर्ड, पोर्ट आणि ती डिजिटल सहीची टोकन

टॅलीवर भराभर एंट्री मारणाऱ्याची बोटं उजवीकडच्या नंबरपॅडवर असतात. तो बहुधा १५.६ इंची लॅपटॉपमध्येच मिळतो. १४ इंचीत नसतो, पण ते मशीन दीड किलोच्या आतबाहेर बसतं. आठवड्यातून चार दिवस इचलकरंजी-कागल फिरणाऱ्यानं १४ इंची घ्यावा आणि ऑफिसातल्या टेबलावर यूएसबीचा सुटा नंबरपॅड ठेवावा. दुकानात नोटपॅड उघडून दोन ओळी टाइप करून बघा. बाणांची बटणं अर्ध्या उंचीची आहेत का, डिलीटच्या शेजारी पॉवरचं बटण आहे का, हे बघा. असेल तर पहिला महिना शिव्या देण्यात जातो. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या असतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामवर हात बसलेल्यांनी मात्र आपली आवृत्ती विंडोज ११ वर चालते ना, ते आधी विचारून घ्यावं.

कंपनी किंवा एलएलपीच्या विवरणपत्रांना डिजिटल सही लागते आणि तिची टोकन, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी छोटी वस्तू, जुन्या चौकोनी यूएसबीची असते. नुसते टाइप-सी पोर्ट असलेला देखणा, पातळ लॅपटॉप घेतला की हब लटकवत फिरावं लागतं. किमान दोन चौकोनी यूएसबी, एक एचडीएमआय आणि चार्जिंग घेणारा एक टाइप-सी असावा. टाइप-सी चार्जिंग असलं की घरी एक, ऑफिसात एक असे ६५ वॅटचे साधे चार्जर ठेवता येतात.

याच टोकनमुळे स्नॅपड्रॅगन चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉप हिशेबनीसांनी सध्या जपूनच घ्यावेत. त्यांची बॅटरी उत्तम आहे आणि नेहमीचे बरेचसे प्रोग्राम चालतातही. पण टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर यांचे ड्रायव्हर त्या चिपसाठी खास लिहिलेले लागतात. तसे नसतील तर यंत्र जोडूनही ओळखच पटत नाही. मॅकबुकचं यंत्र फार सुरेख, पण टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. रोजचं काम टॅलीवर असेल तर मॅक घेऊन वाकडी वाट धरण्यात अर्थ नाही.

उद्यमनगर आणि शिरोलीसाठी वेगळा हिशेब

कारखान्यांच्या या भागांत मात्र ग्राफिक कार्डाची निंदा थांबवावी लागते. ऑटोकॅडमधलं सपाट ड्रॉइंग साध्या लॅपटॉपवर चालतं. पण थ्रीडी डिझाइनच्या सॉलिडवर्क्समध्ये पंपाची बॉडी, साच्याचा कोअर, पॅटर्न असा मोठा असेम्ब्ली उघडून फिरवायचा असेल, तर वेगळं कार्ड, एच मालिकेचा प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम हवी. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत व्यावसायिक कार्डंच असतात. गेमिंगचं कार्ड चालतं, स्वस्त पडतं, फक्त अडचण आली तर कंपनीकडं तक्रारीला जागा राहत नाही. लहान वर्कशॉपसाठी हा सौदा मान्य करण्यासारखा आहे. हुपरीच्या चांदीच्या डिझाइनचं थ्रीडी काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम पाठवायला लॅपटॉप वापरत असाल, तर तिथं आरएस-२३२ चा नऊ पिनांचा पोर्ट लागतो, आणि तो आता नेहमीच्या लॅपटॉपवर येत नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. अगदी स्वस्त कन्व्हर्टरमध्ये प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असते, आणि विंडोज ११ चा नवा ड्रायव्हर तिला नाकारतो. एफटीडीआय चिपचा घ्या, डोकेदुखी वाचते. आणि प्रोग्राम थेट पाठवत जॉब चालू असेल, तर लॅपटॉपचं स्लीप बंद करून ठेवा. मधेच तो झोपला की डेटा थांबतो आणि टूल जॉबवरच उभा राहतो.

ग्राइंडिंगची धूळ ही घरातली धूळ नव्हे. तीत लोखंडाचा चुरा असतो आणि त्यातून वीज वाहते. पंखा ती आत ओढतो आणि बोर्डावर पसरवतो. शॉपफ्लोरवरच्या लॅपटॉपची जागा बंद केबिनमध्ये असावी आणि सहा महिन्यांनी तो उघडून साफ करून घ्यावा. तोंडानं फुंकर मारू नका, ओल आत जाते.

बॅटरी, वीज आणि पाऊस

'१० तास बॅटरी' या वाक्याकडं दुर्लक्ष करून वॅट-आवर बघा. ऑफिसच्या कामाला लॅपटॉप साधारण ८ ते १० वॅट खातो. ४२ वॅट-आवरची बॅटरी म्हणजे चार-पाच तास, ६० ची म्हणजे सहा-सात. दिवसभर चार्जर लावूनच काम होत असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. सतत शंभर टक्क्यांवर तापत राहिलेली बॅटरी फुगू शकते. टचपॅड दबेनासा झाला किंवा वर उचलल्यासारखा दिसला, तर ते फुगलेल्या बॅटरीचं लक्षण. मशीन बंद करून दुरुस्तीला द्यायचं, दाबून बसवायचं नाही.

लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे स्टॅबिलायझरची गरज नाही, चांगला स्पाइक गार्ड पुरे. पण अर्थिंग बघा. जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून काम भागवतात. मग धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या येतात. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि रिटर्न अर्ध्यावर अडतं. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. मागचं लेबल बघून तेवढ्याच अँपिअरचा छोटा यूपीएस लावा.

पावसाळ्यात दुचाकीवरून नेताना बॅगेला कव्हर असतंच, पण आतली चूक वेगळीच असते. झाकण लावलं म्हणजे मशीन बंद झालं असं वाटतं. बरेच नवे लॅपटॉप झाकण लावल्यावरही अर्धवट जागे राहतात, कधीकधी बंद बॅगेत तापतात आणि बॅटरी संपवतात. बॅगेत घालण्याआधी हायबरनेट किंवा शटडाउन करा. भिजलेल्या बॅगेतून काढल्या काढल्या चालू करू नका.

दुकानातली शेवटची वीस मिनिटं

ऑनसाइट (जागेवर येऊन दुरुस्तीची) वॉरंटी आपल्या पिनकोडला आहे का, हे विक्रेत्याला न विचारता कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. थिंकपॅड, प्रोबुक, एक्सपर्टबुक या धंद्यासाठी काढलेल्या मालिका दिसायला मठ्ठ, पण त्यांचे बिजागर आणि कीबोर्ड टिकाऊ असतात आणि अशी वॉरंटी त्यांच्यावर सहज मिळते. एका हातानं झाकण उघडून बघा. बूड उचललं जात असेल तर चालेल, पण बिजागर करकरता कामा नये.

बिल फर्मच्या नावानं आणि जीएसटी नंबरसकट घ्या. ५९,००० च्या मशीनमध्ये १८ टक्क्यांनी ९,००० रुपये कर असतो. धंद्यासाठी घेतलं असेल आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत नसाल, तर तो क्रेडिट म्हणून मिळतो. नंबर नसेल तर पुढं नुसतीच धावाधाव. बिलावरचा सिरियल नंबर मशीनच्या पाठीवरच्याशी जुळवा आणि तिथंच मोबाइलवरून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. तिथली तारीख दोन महिने जुनी निघाली, तर ती बदलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना दुकानातला मुलगा पटकन स्वतःचाच ईमेल टाकून विंडोज सुरू करून देतो. हे होऊ देऊ नका. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ आकड्यांची किल्ली, सुरू करताना टाकलेल्या खात्यात जमा होते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की स्क्रीनवर ती किल्ली मागितली जाते. तोवर तो मुलगा दुकान सोडून पुण्याला गेलेला असतो. खातं फर्मच्या ईमेलनं उघडा, किल्लीची छापील प्रत काढा आणि बिलाच्याच फायलीत लावून ठेवा.